परतायचे ते कोणत्या घरी?

परदेशी गेलेल्या माणसाने मायदेशी परतावे की परतू नये, हा मराठी पांढरपेशा वर्गाचा जुना आणि आवडता प्रश्न आहे. नाटकांनी तो मांडला, कथाकादंबऱ्यांनी मांडला, दिवाळी अंकांतील परिसंवादांनी तर तो चघळून चघळून चोथा केला. एका पारड्यात डॉलर, मोटार आणि मुलांचे शिक्षण. दुसऱ्या पारड्यात म्हातारे आईवडील, गावचा वाडा, गौरीगणपती आणि पहिल्या पावसाचा मातीचा वास. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'ने या प्रश्नाची इथली बाजू रंगभूमीवर आणली: मुलगा अमेरिकेत आणि आईबाप रिकाम्या घरात. ही वेदना खोटी आहे असे मी म्हणणार नाही. म्हातारपणी एकटे पडणे ही कोणत्याही जातीच्या माणसाची वेदनाच आहे. परंतु या साऱ्या साहित्याने एक गोष्ट मुळातच गृहीत धरली आहे. परतायला घर आहे, हे ते गृहीत. माणूस परतेल तेव्हा दार उघडणारे कोणीतरी असेल आणि ते दार गावातच असेल, गावकुसाबाहेर नसेल, याबद्दल या साहित्याला कधी शंका आलेली नाही. मला येथे हे गृहीतच तपासायचे आहे.

हा प्रश्न माझ्यापुरता आज केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी १९९६ साली शिकण्यासाठी अमेरिकेत गेलो आणि तेथेच राहिलो. एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. मुलगी तेथेच जन्मली, तेथेच वाढली. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या वर्गमित्राचे पत्र आले. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आमच्या वेळच्या औरंगाबादेत, तो खेड्यांतून आलेल्या मुलांसाठी एक लहानसे वसतिगृह चालवतो. त्याने लिहिले, "मुलं येतात, पण गणितात मार खातात आणि दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून जातात. तू येतोस का?" या एका ओळीने माझी झोप उडवली. मग मी, मास्तर जे करतो तेच केले. परतण्यावर कोणी काय लिहिले आहे ते वाचू लागलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

माझ्या परतण्याची सुरुवात कोठून मोजायची, हा पहिलाच प्रश्न मला अडला. देश मी १९९६ साली सोडला. गाव त्याआधीच सुटले होते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील आमच्या वस्त्या पेटल्या. त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. आमचे दोन खणांचे घर त्यात जळाले. आई, मी आणि धाकटी बहीण अंगावरच्या कपड्यांनिशी औरंगाबादला मामाकडे आलो. पुन्हा त्या गावात आम्ही राहिलो नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हा मी त्याच विद्यापीठात शिकत होतो. तेव्हा ज्या प्रवासाला लोक माझे परदेशगमन म्हणतात, त्याचा पहिला टप्पा एस.टी.ने झाला. विमान फार नंतरचे. आमच्यातील बहुतेकांचे असेच आहे. देश सुटण्याच्या कितीतरी आधी आम्हांला गाव सोडावे लागलेले असते. आणि गाव सोडण्याच्याही आधी, गावात असतानाच, आम्ही गावाबाहेर असतो.

हे डोक्यात ठेवून मी 'स्वदेस' हा चित्रपट पुन्हा पाहिला. आशुतोष गोवारीकर यांचा हा चित्रपट २००४ सालचा. परदेशस्थ भारतीय परतण्याचा विचार करू लागला की त्याचे मित्र त्याला हाच चित्रपट आठवून देतात, इतका तो या विषयाचा प्रमाणग्रंथ झाला आहे. नासामधील शास्त्रज्ञ मोहन भार्गव लहानपणी सांभाळ करणाऱ्या कावेरीअम्माला शोधत चरणपूर नावाच्या गावी येतो, गावाची अवस्था पाहतो, पाण्यावर वीज निर्माण करून दाखवतो आणि शेवटी नोकरी सोडून परततो. चित्रपट प्रामाणिक आहे. जातीकडे त्याने डोळेझाक केलेली नाही. गावात पडद्यावर सिनेमा दाखवतात तेव्हा खालच्या जातीची माणसे पडद्याच्या मागे बसतात, आणि नायक तो पडदा दूर करतो. विणकामाचा जातधंदा सोडून खंडाने शेती करू पाहणाऱ्या हरिदासला गावाने कसे नाडले, तेही चित्रपट दाखवतो. हरिदासच्या घरची दैना पाहून आल्यावरच नायकाचे मन फिरते.

माझा आक्षेप निराळा आहे. हरिदास या चित्रपटात नायकाच्या हृदयपरिवर्तनाचे साधन म्हणून येतो. खंड वसूल करायला गेलेला नायक त्याचे दुःख पाहतो, डोळ्यांत पाणी घेऊन परततो आणि मोठा होतो. हरिदास जेथे होता तेथेच राहतो. समजा, हरिदासचा मुलगा शिकला असता आणि तो नासात गेला असता, तर त्याने परतण्याचा विचार कसा केला असता? तो चरणपूरला आला असता तर कोणाच्या ओसरीवर उतरला असता? पंचायतीसमोर उभे राहून गावाला चार कडू गोष्टी सुनावण्याचा जो अधिकार मोहनला आपसूक मिळतो, तो त्याला मिळाला असता काय? हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. नायकाच्या परतण्याने गाव बदलते ते एवढेच की गावात दिवा लागतो. त्या दिव्याच्या उजेडात कोण कोठे बसणार, हे चित्रपट संपल्यावरचे काम आहे, आणि ते कोणी केले हे आपल्याला कळत नाही.

आणखी एक गोष्ट. चरणपूर कथेत उत्तर प्रदेशातले असले तरी त्याचे चित्रीकरण आपल्याकडे, वाईजवळच्या मेणवलीला झाले. मेणवलीचा तो देखणा घाट आणि वाडा नाना फडणवीसांचा. मायदेशाची ओढ दाखवण्यासाठी कॅमेऱ्याला जे गाव सापडले ते पेशवाईच्या कारभाऱ्याचे निघाले. यात दिग्दर्शकाचा काही हेतू होता असे मी म्हणत नाही. हेतू नसताना असे घडते हेच लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या कलेच्या मनात 'गाव' म्हटले की जे चित्र उभे राहते, त्यात घाट येतो, वाडा येतो, देऊळ येते. वेशीबाहेरची वस्ती येत नाही.

आता दुसरे एक परतणे पाहू. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे लेखन आपल्यातील पुष्कळांनी वाचले आहे. पण ते परदेशातून परतण्याविषयीचे लेखन म्हणून फारसे वाचले गेलेले नाही. अस्पृश्यतेच्या अनुभवांचे कथन म्हणूनच आपण ते वाचतो. मला आज त्याचे शीर्षकच अधिक बोलके वाटते. व्हिसा लागतो तो परक्या देशात शिरायला. न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून आलेला हा माणूस आपल्याच देशात व्हिसाची वाट पाहतो आहे.

बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याची नोकरी करणे भाग होते. म्हणजे परतावे की नाही असा निर्णय त्यांच्यासमोर नव्हताच. बडोद्याला गेल्यावर पहिला प्रश्न आला तो राहायचे कोठे, हा. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होते. अखेर एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून, ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या दहाबारा पारश्यांनी त्यांना गाठले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद दिली. एका हिंदू मित्राकडे विचारणा केली, तर तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे उत्तर मिळाले. एका ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो म्हणून वेळ मारून नेली. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचे काही तास बाबासाहेबांनी तेथील सार्वजनिक बागेत काढले.

हे कथन करताना त्यांनी एक कबुली दिली आहे. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते सांगतात. सवर्ण परदेशस्थ सांगतो की परदेशात मी कोण आहे ते विसरलो आणि मायदेशी आल्यावर स्वतःला सापडलो. बाबासाहेबांचा अनुभव बरोबर उलटा आहे. परदेशात ते फक्त माणूस होते. मायदेशाने त्यांना त्यांची जात परत दिली. 'स्वदेस' आणि हे लेखन एकमेकांशेजारी ठेवून वाचावे. एकच क्रिया आहे, परतण्याची. एकाला गाव ओवाळते आणि दुसऱ्याला गावात पाठ टेकायला जागा मिळत नाही.

पण बाबासाहेब एकदा परतले नाहीत, दोनदा परतले. समीक्षकांनी या दुसऱ्या परतण्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली आणि ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली परतले तेव्हा ते कोणाच्या कराराने बांधलेले नव्हते. बडोद्याचा अनुभव गाठीशी होता. देश आपले स्वागत करील असा कोणताही भ्रम उरलेला नव्हता. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२७ साली महाड घडले. त्यानंतरही बॅरिस्टर झालेल्या या माणसाला १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी नेण्याचे नाकारले आणि १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यात पाण्यावरून अडवले गेले. देश बदललेला नव्हता. परतणारा मात्र बदलला होता. पहिल्या वेळी ते नोकरीवर परतले. दुसऱ्या वेळी ते माणसांकडे परतले. आणि ही माणसे त्यांना परळच्या चाळीत भेटली. मूळ गावाच्या मातीचे गोडवे त्यांनी गायले नाहीत. उलट ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी त्यांनी जे कठोर मत मांडले, ते आजही कोणत्याही मातीवेड्या साहित्यिकाला पचणारे नाही.

दलित साहित्याच्या आरंभीच्या काळात म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्या अमेरिकन साहित्याची ओळख आपल्याला करून दिली. तेव्हा आपण त्यातला विद्रोह घेतला. परतण्याच्या प्रश्नाकडे तेव्हा आपले लक्ष गेले नाही, कारण तेव्हा आपल्यातून परदेशी जाणारेच थोडे होते. आज जेम्स बाल्डविन पुन्हा वाचावा लागेल. हार्लेममध्ये वाढलेला हा लेखक १९४८ साली, चोविसाव्या वर्षी, थोडेसे पैसे खिशात घेऊन पॅरिसला निघून गेला. अमेरिकेत राहिलो तर आपण मरू किंवा कोणाला मारू, या भीतीने तो गेला. १९५७ च्या जुलैत तो परतला आणि वर्णभेदाची लढाई चालू असलेल्या दक्षिणेकडे गेला.

का परतला, हे त्याने पुढे १९७२ सालच्या 'नो नेम इन द स्ट्रीट' या पुस्तकात सांगितले. पॅरिसमधील वृत्तपत्रांच्या दुकानांवर त्याने एक छायाचित्र पाहिले. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट या शहरात डॉरोथी काउंट्स ही पंधरा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत निघाली आहे आणि जमाव तिच्यावर थुंकतो आहे. तिच्यासोबत आपल्यातले कोणीतरी असायला हवे होते, असे त्याला वाटले आणि त्याने परतायचे ठरवले. आता गंमत अशी की हे जुळत नाही. बाल्डविन हा प्रसंग १९५६ सालच्या पॅरिसमधील काळ्या लेखकांच्या परिषदेच्या वेळचा म्हणून सांगतो. ते छायाचित्र ४ सप्टेंबर १९५७ चे आहे. तोवर बाल्डविन अमेरिकेत येऊनही पोहोचला होता.

यावरून त्याला खोटारडा ठरवणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. माणूस निर्णय घेतो तेव्हा कारणे धूसर असतात: पैसे, कंटाळा, अपराधीपणा, आईची आठवण. पंधरा वर्षांनी मागे वळून पाहताना त्या निर्णयाला शोभेल असे कारण स्मृती शोधून काढते. बाल्डविनच्या स्मृतीने काय शोधले, ते महत्त्वाचे आहे. तिने हार्लेमचा रस्ता शोधला नाही, लहानपणचे चर्च शोधले नाही. तिने एकटी चालणारी एक मुलगी शोधली. परतण्याचे कारण म्हणून त्याला माणूस लागला, तोही स्वतःच्या नात्यातला नसलेला. आणि परतल्यावरही तो तेथे कायमचा राहिला नाही, हेही लपवू नये. पुढे तो बराच काळ इस्तंबूलला राहिला, १९७० पासून फ्रान्समधील एका गावात राहिला आणि १९८७ साली तेथेच वारला. तो येत जात राहिला. राहणे की परतणे, या दोनच खणांत त्याचे आयुष्य बसत नाही.

सुजाता गिडला यांचे 'अँट्स अमंग एलिफंट्स' हे २०१७ सालचे पुस्तक तिसरी वाट दाखवते. आंध्रातील अस्पृश्य ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या या लेखिका न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर. त्यांनी आपली आई मंजुळा आणि मामा के. जी. सत्यमूर्ती यांची कहाणी लिहिली. सत्यमूर्ती कवी होते, नक्षलवादी चळवळीचे पुढारी होते आणि पक्षातील जातीचा प्रश्न विचारल्यामुळे पक्षाबाहेर गेले. या पुस्तकात मायदेशासाठी उसासे नाहीत. लेखिका जेथे आहे तेथेच राहून तिने आपली माणसे कागदावर उभी केली. हेही एक परतणेच आहे, आणि शरीराने परतून गप्प बसण्यापेक्षा ते मोलाचे आहे.

येथे आपल्या साहित्याविषयीही कडू बोलले पाहिजे. आपल्या आत्मकथनांनी गाव आणि शहर यांच्यातील तुटलेपण मराठीत प्रथमच मांडले. 'बलुतं' १९७८ सालचे, म्हणजे ज्या वर्षी आमची घरे जळाली त्याच वर्षीचे. पण ज्यांनी समुद्र ओलांडला ती आमची पिढी मराठीत जवळजवळ मुकी आहे. कारण मला ठाऊक आहे, कारण मी त्यातलाच आहे. तिकडे मराठी माणसांच्या मेळाव्यात पहिला प्रश्न आडनावाचा असतो आणि आडनावावरून उलगडा झाला नाही की दुसरा प्रश्न गावाचा. मी कित्येक वर्षे "औरंगाबाद" एवढेच सांगून गप्प बसलो. बडोद्याला पारशी नाव लावून राहण्याची पाळी बाबासाहेबांवर आली, ती निरुपायाने आणि थोडे दिवस. आम्ही मात्र खुशीने, वर्षानुवर्षे, तसेच राहिलो. तेव्हा परदेशी गेलो म्हणजे सुटलो, हेही एक ढोंगच आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी करणारा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी ते नामंजूर केले. विधेयकाला विरोध करणाऱ्यांत भारतीयांच्याच संघटना होत्या. जात विमानात बसून आमच्याबरोबर आली, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

आपल्या समाजातूनही एक आवाज येतो: शिकलेल्यांनी परतून समाजाचे ऋण फेडले पाहिजे. ऋण मला मान्य आहे. सरकारी शिष्यवृत्ती, वसतिगृहातले जेवण, आईची मजुरी यांवर मी शिकलो. पण ऋण फेडा म्हणून दटावणाऱ्यांनीही हिशेब नीट मांडावा. परतून पुण्यामुंबईच्या सदनिकेत बसणारा आणि जयंतीला एक भाषण देणारा ऋणमुक्त होतो काय? आणि न्यूयॉर्कमध्ये राहून आपल्या माणसांवर पुस्तक लिहिणारी ऋणको ठरते काय? शरीर कोठे आहे एवढ्यावरून निष्ठा मोजणे ही शिरगणती झाली.

म्हणून परतण्याविषयीच्या साहित्याला मी एकच प्रश्न विचारीन. परतणारा कशाकडे परततो, घराकडे की माणसांकडे? घराकडे परतणारे साहित्य त्या घरापुरतेच असते. त्या घराची भिंत कोणी बांधली आणि अंगणापर्यंत कोणाला येता येत होते, हे ते विचारणार नाही. माणसांकडे परतणाऱ्या साहित्याला मात्र हे विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही. 'स्वदेस' अर्ध्या वाटेवर येऊन थांबतो. बाबासाहेबांचे ते छोटे लेखन आणि बाल्डविनची ती चुकलेली आठवण या कसोटीला पूर्ण उतरतात.

मी आईला फोनवर विचारले, येऊ का म्हणून. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, बहिणीकडे राहते. ती म्हणाली, "ये बाबा, यायचं तर ये. पण गावाकडं घर बांधायचं म्हणू नको. तिथं माझं काही राह्यलं नाही." बायको नोकरीतून मोकळी होईपर्यंत तिकडेच थांबणार आहे आणि मुलगी तेथेच राहणार आहे. तिचे घर तेच आहे, आणि तिला मी माझ्या मायदेशाचे ओझे देणार नाही. मी जूनमध्ये येतो आहे. मित्राला तसे कळवले आहे. किती वर्षे टिकेन ते आज सांगत नाही. गाव आपले मानील अशी अपेक्षा घेऊन येत नाही. वसतिगृहात बेचाळीस मुले आहेत असे मित्राने लिहिले आहे, आणि गणिताचा तास सकाळी सातला ठेवायचा असे आमचे ठरले आहे.